गुप्तधन आणि आम्ही वाचक

(बी. ए. द्वितीय वर्ष)

चांगले साहित्य कोणते आणि नुसते रंजक साहित्य कोणते, याविषयी आपल्या वर्गात नेहमी चर्चा होते. चर्चेत सगळेजण चांगल्या साहित्याच्या बाजूने बोलतात. तास संपला की त्यांतलेच निम्मे विद्यार्थी ग्रंथालयाच्या खिडकीशी जातात आणि खजिन्याच्या शोधाची अमुक कादंबरी कोणी परत केली का, अशी हळूच चौकशी करतात. याबद्दल कोणाला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही, कारण त्या खिडकीशी मीही उभी असते. परंतु ज्या पुस्तकांसाठी आपण जेवण विसरतो, त्यांच्याविषयी वर्गात बोलायला आपण लाजतो, हे बरे नव्हे. ती आपल्याला का आवडतात आणि त्यांत कोठे उणे राहते, याचा एकदा मोकळेपणाने विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या कादंबऱ्यांचा साचा आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. एखादे जुने पत्र, नाणे किंवा ताम्रपट सापडतो. त्यातल्या कूट ओळीचा अर्थ कोणाला लागत नाही. तो लावू शकणारे एक वयोवृद्ध प्राध्यापक असतात आणि नेमका त्यांचाच पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रकरणात खून होतो. (आदरणीय प्राध्यापकवर्गाने राग मानू नये. साचा लेखकांनी पाडला आहे, विद्यार्थ्यांनी नव्हे.) मग त्यांचा एखादा शिष्य किंवा नात धावत सुटते, मागे दुष्टांची टोळी लागते आणि गड, गुहा, भुयारे पार करीत सगळे एका बंद दरवाज्यापाशी येतात.

हा साचा इंग्रजीत स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ने (१८८३) आणि हॅगार्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ने (१८८५) लोकप्रिय केला. हॉलिवूडने १९८१ साली इंडियाना जोन्स नावाचा पुराणवस्तूंचा प्राध्यापकच नायक म्हणून उभा केला आणि त्याच्या हाती चाबूक दिला. मराठी वाचकाची रहस्याची भूक बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहून भागवली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नची साहसे मराठी मुलांच्या हाती दिली आणि आपला ‘फास्टर फेणे’ही दिला. परंतु इतिहासाच्या पोटात दडलेला खजिना आणि तो हुडकणारी आजची माणसे, असा विषय घेऊन मोठ्या मराठी कादंबऱ्या आल्या त्या अलीकडेच. मुरलीधर खैरनार यांची ‘शोध’ २०१५ साली आली. वसंत वसंत लिमये यांच्या ‘विश्वस्त’मध्ये माग थेट द्वारकेपर्यंत जातो. प्रकाश कोयाडे यांची ‘प्रतिपश्चंद्र’ शिवकालीन रहस्याभोवती फिरते.

यांपैकी ‘शोध’चा विशेष उल्लेख करायला हवा. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई देऊन ती जिंकली, हा इतिहास. त्या लुटीतला काही भाग वाटेतच गहाळ झाला, तो कोठे असेल, ही कादंबरी. शाळेत या लढाईची मी फक्त सनावळी पाठ केली होती. कादंबरी वाचल्यावर मी प्रथमच नकाशा काढून सुरत कोठे, वणी कोठे, मधे डोंगर कोणते आणि ओझ्याची जनावरे कोणत्या घाटाने गेली असतील, हे बोटाने शोधले. पाठ्यपुस्तकाला जे जमले नाही ते ज्या पुस्तकाला जमले, त्याला केवळ ‘सवंग’ म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. दुर्दैवाने ही कादंबरी आली त्याच वर्षी तिचे लेखक निवर्तले.

तर मग हे आकर्षण कशाचे? सोन्याचे, असे उत्तर कोणीही चटकन देईल. पण सोन्याचेच वेड असते, तर सराफ्याच्या दुकानाचे वर्णनही आपण तितक्याच ओढीने वाचले असते. माझ्या मते खरी ओढ दुसऱ्याच गोष्टीची आहे. या कादंबरीत खजिना कोणाला मिळतो ते पाहा. जो बापाचा वारस असतो त्याला मिळत नाही. ज्याच्याकडे जमीन, माणसे, मोटारी आणि पिस्तुले असतात, त्या खलनायकालाही मिळत नाही. ज्याला ती जुनी ओळ वाचता येते, त्याला मिळतो. सगळी टोळी त्याच्या मागे फिरते, कारण वाचण्याची विद्या त्या एकट्यापाशी असते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. वडील सही करतात, आईला तीही येत नाही. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो. सातबारा असो, फेरफाराची नोटीस असो, बँकेचे पत्र असो की सोयाबीनच्या विम्याचा फॉर्म असो. मी वाचून सांगेपर्यंत सगळे गप्प बसून माझ्या तोंडाकडे पाहतात. शेजारच्या घरचे कागदही येतात. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या कागदापुढे फक्त अंगठा पुढे केला, त्यांच्या मुलाबाळांना ‘वाचता येणारा जिंकतो’ ही गोष्ट का गोड वाटते, हे निराळे सांगायला नको. सुखवस्तू वाचकाला ही कादंबरी म्हणजे विरंगुळा असेल. आम्हांला ती आमचीच गोष्ट वाटते, फक्त सातबाऱ्याच्या जागी ताम्रपट असतो इतकेच.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्या मराठवाड्यात खजिन्याची गोष्ट पुस्तकातून आलेली नाही. ती ओट्यावर, पारावर, शेकोटीभोवती आधीपासूनच आहे. पडक्या गढीत मोहरांचा हंडा आहे, त्यावर भुजंग बसलेला आहे, अवसेच्या रात्री साखळदंड ओढल्यासारखा आवाज येतो आणि हंडा जमिनीखालून जागा बदलतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. ऐकायला ही गोष्ट कादंबरीइतकीच रंगतदार आहे. पण दोहोंत एक फरक आहे. गावच्या गोष्टीत कोणाला काही वाचावे लागत नाही. तेथे मांत्रिक लागतो, अंजन लागते आणि पायाळू माणूस लागतो.

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भुईखालचे धन दिसते, असा समज आहे. मी पायाळू आहे. लहानपणी आभाळ गडगडले की आजी मला ओढून घरात नेई, कारण पायाळूवर वीज पडते असे म्हणतात. त्याची मला गंमत वाटे. परंतु मी चौथीत असताना परगावचे दोघेजण घरी आले आणि ‘पोरगी एका रात्रीपुरती द्या, उजाडायच्या आत आणून सोडू’ असे म्हणाले, तेव्हा गंमत संपली. दुष्काळाचे वर्ष होते, घरात पैसा नव्हता आणि त्यांनी मोठी रक्कम सांगितली होती. वडील क्षणभर काहीच बोलले नाहीत. आई चुलीपुढून उठली आणि दारात येऊन म्हणाली, “भुईतलं धन दिसायला माझं लेकरू काय बॅटरी हाय का? चालते व्हा.” ते गेले. पुढे महिनाभर मला एकटीने शाळेत जाऊ दिले नाही.

हा प्रसंग मी माझे दुःख सांगण्यासाठी येथे लिहिलेला नाही. आईचे ते शब्द ज्यांच्या वाट्याला आले नाहीत, त्यांचे काय झाले, हे आपल्या शेजारीच घडलेले आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक खून झाले. बळी पडलेल्यांत बहुतेक लहान मुली आणि बाया होत्या. त्यामागे गुप्तधनाचा आणि अपत्यप्राप्तीचा हव्यास होता, असे तपासात पुढे आले. साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. २०१३ साली २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यातच सर्व काही आले. शिवारातल्या जुन्या देवळांचे तर विचारूच नका. नंदी उलथून टाकलेला आहे, पिंडीखाली खड्डा आहे, असे एखादे हेमाडपंती देऊळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. खड्ड्यातून धन तर निघत नाहीच, पण आठशे वर्षे उभे असलेले देऊळ मात्र खचते.

काही मंडळी म्हणतील की, मग या कादंबऱ्यांनी आगीत तेलच ओतले. मला तसे वाटत नाही. रात्री देऊळ खणणारे लोक कादंबऱ्या वाचून आलेले नसतात. उलट कादंबरीचा नायक कुदळ मारण्यापूर्वी दोनशे पाने विचार करतो. गावचा मांत्रिक एक पानही विचार करीत नाही. म्हणून या दोन शोधांना एकाच मापाने मोजू नये.

परंतु एका बाबतीत कादंबरीकार आणि मांत्रिक यांचे एकमत आहे, आणि माझा खरा आक्षेप तोच आहे. दोघांचेही लक्ष पेटीवर असते. कादंबरीत चारशे पाने इतिहास असतो खरा. पण तो कुलपासारखा असतो. कुलूप उघडले, आत हिरे-माणके चमकली, की कुलपाकडे कोणी पाहत नाही. प्रत्यक्षात मात्र आपल्या भूमीत सापडलेल्या मोठ्या खजिन्यांची किंमत धातूत नव्हतीच. याची काही उदाहरणे देते.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी होती. सर्व क्षत्रप राजा नहपान याची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता. तो ठसा आपल्या पैठणच्या सातवाहनांचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा. म्हणजे शत्रूची नाणी वितळवण्याऐवजी त्यांवरच आपली मोहर उठवून विजेत्याने ती चालवली. नहपानाचा पराभव कोणी केला, या प्रश्नाचा एवढा बोलका पुरावा दुसरा नाही. सापडल्या दिवशी ती सगळी चांदी एखाद्या सोनाराच्या मुशीत गेली असती, तर कोणाला थोडे पैसे मिळाले असते आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान कायमचे कोरे राहिले असते.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार जड वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंवर. भांड्यांच्या भावाने मोडीत विकले असते तरी त्या काळी गरीब घराला मोठाच आधार झाला असता. त्या वस्तू वाचल्या, म्हणून आज सारे जग त्यांचा अभ्यास करते. बरेच अभ्यासक त्यांना हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात. हे खरे असेल तर त्या रथाचे वय साडेतीन हजार वर्षांच्या पलीकडे जाते.

आणि आता आपल्या जालना जिल्ह्याकडे येऊ. भोकरदन हे आपल्यापैकी बहुतेकांना तालुक्याचे गाव म्हणून माहीत आहे. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे ते भरभराटीचे नगर होते आणि सांची व भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत तेथल्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी डॉ. शां. भा. देव व डॉ. रा. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंती कोरीव कामाचे अवशेष मिळाले. त्यांत एक स्त्रीमूर्ती आहे. आता गंमत पाहा. इटलीमध्ये इ. स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. उंची जेमतेम एक वीत. ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ती जगप्रसिद्ध आहे आणि नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनची मूर्ती आणि ती मूर्ती यांत इतके साम्य आहे की, पाँपेईची मूर्ती भोकरदन परिसरातच घडली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोणा अनाम कारागिराच्या हातची वस्तू बैलगाडीने, तांड्याने, गलबताने सात समुद्रांपलीकडे गेली असेल, एका श्रीमंताच्या घरात पोहोचली असेल आणि जवळजवळ १,८६० वर्षे राखेत दडून राहिली, ही हकिकत कोणत्या कादंबरीहून कमी आहे?

जवळच्याच सिंदखेडराजात तर अगदी अलीकडे, जून २०२४ मध्ये, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला लखुजीराजे जाधवांच्या समाधीजवळ काम करताना सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. ना मांत्रिक, ना अंजन, ना पायाळू. दिवसाउजेडी, मोजमाप घेत, कुंच्याने माती झाडीत ती वर आली.

कायद्याचाही गैरसमज दूर व्हावा. ‘सापडलेले धन सांगितले की सरकार सगळे नेते आणि वर चौकशी मागे लागते’, या भीतीने लोक गप्प बसतात किंवा वितळवतात. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांवरील किमतीचे धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले हे खरे. पण त्याच कायद्याने बेवारस ठरलेल्या धनात सापडवणाऱ्याचा तीन-चतुर्थांश आणि जागामालकाचा एक-चतुर्थांश असा हिस्साही ठरवून दिला. सरकारने ते स्वतःकडे घेतले तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देण्याचीही तरतूद त्यात आहे. लपवणाराला मात्र शिक्षा. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातली ही गोष्ट आपल्या पारावर कधी पोहोचली नाही, भुजंगाची मात्र पोहोचली.

तेव्हा मी या कादंबऱ्यांच्या बाजूची आहे, पण माझी एक मागणी आहे. सत्यजित रायांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठीत आला. त्याच्या एका गोष्टीत मूर्तिचोरांचा माग काढीत तो आपल्या वेरूळपर्यंत येतो. तेथे पेटी फोडायची नसते, चोरीला गेलेले शिल्प वाचवायचे असते. आणि तरीही गोष्ट तसूभर कमी रंगत नाही. मराठी कादंबरीकारांनी हा रस्ता अधिक धरावा. खजिना सापडल्यावर गोष्ट संपू नये. त्या वस्तूने काय सांगितले, तेथून पुढची पन्नास पाने आम्हांला वाचायची आहेत.

दुसरी मागणी आपल्याच महाविद्यालयाकडे आहे. कादंबरीच्या नायकाला मोडी येते. आपल्यापैकी किती जणांना येते? पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमध्ये बांधलेले मोडी कागद इतके आहेत की, ते वाचायला माणसे पुरत नाहीत. २०२३ साली आपल्या जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन आणि त्याहून जुन्या नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. पण पणजोबाच्या नावापुढे एका लेखनिकाने घाईघाईत लिहिलेला एक शब्द हजारो मुलांच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न झाला, हे आपण डोळ्यांनी पाहिले. जुनी ओळ वाचता येणारा माणूस किती मोलाचा असतो, हे सांगायला आता कादंबरीची गरज उरलेली नाही.

म्हणून मंठ्यासारख्या ठिकाणी आठवड्यातून एक तास मोडीचा वर्ग सुरू व्हावा. यंदाची सहल भोकरदनला न्यावी. प्रत्येकाने आपापल्या गावातल्या वीरगळाचे, शिलालेखाचे, पडक्या देवळाचे एक छायाचित्र आणि चार ओळींची नोंद इतिहास विभागाकडे द्यावी. याला फारसा खर्च नाही. एवढे झाले तर आजचा एखादा विद्यार्थी पुढे भोगवर्धनच्या हस्तिदंती मूर्तीवर अस्सल मराठी रहस्यकादंबरी लिहील, आणि ती वर्गात चर्चेला घ्यायला कोणाला संकोच वाटणार नाही. त्या भावी लेखकाला आत्ताच एक नम्र विनंती करून ठेवते : त्या कादंबरीतले प्राध्यापक शेवटच्या प्रकरणापर्यंत जिवंत राहू द्यावेत. आम्हांला त्यांच्याकडून अजून बरेच वाचून घ्यायचे आहे.